गाडीच्या छताचं कापड लोंबतंय? आधी जुना फोम खरवडा

(भागाचा लेखी मजकूर. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बोली मात्र तशीच ठेवली आहे.)

[००:००] कापड पडतं ते नक्की कशामुळे

आजचा विषय तुमच्या डोक्यावरचा आहे, अगदी शब्दशः. गाडीला दहा-बारा वर्षं झाली की एक दिवस मागच्या सीटवर बसलेला माणूस म्हणतो, "अरे, केसांना काहीतरी लागतंय." वर बघावं तर छताचं कापड मांडवाच्या कापडासारखं पोट काढून खाली आलेलं. कडा धरलेल्या असतात, कारण त्या दाराच्या बीडिंगखाली आणि दिव्याच्या चौकटीखाली दाबलेल्या आहेत. मधला भाग सुटतो. काच खाली करून हायवेला लागलात की तो फडफडतो, आणि मागचं पोट वाढत गेलं की आरशातून मागची काच दिसेनाशी होते. म्हणजे हे फक्त दिसायला वाईट, एवढ्यावर थांबत नाही.

यावर लोक काय करतात? पहिला उपाय टाचण्या. दुसरा, सिरिंजमध्ये गम भरून कापडाच्या आत सोडायचा आणि हाताने दाबून धरायचं. तिसरा, इस्त्रीची वाफ. तिन्हींचा निकाल साधारण सारखाच, दोन-चार आठवड्यांत कापड परत खाली. मग आपण म्हणतो, गमच भिकार होता.

गमचा दोष नसतो हो. गम ज्याला चिकटवला तेच जागेवर राहिलेलं नसतं. हे नीट समजलं की पुढचं सगळं काम आपोआप समजतं, म्हणून इथे थोडा वेळ घेतो.

गाडीचं छत तीन थरांचं असतं. सगळ्यात वर, म्हणजे पत्र्याच्या बाजूला, साच्यात दाबून केलेला एक हलका बोर्ड. कुठे काचतंतूंचा, कुठे राळ मारलेल्या लगद्याचा, कुठे कडक फोमच्या दोन्ही अंगांना पातळ जाळी लावलेला. त्याच्या खाली पातळ मऊ फोम, तीनेक मिलिमीटरचा. आणि त्याच्या खाली आपल्याला दिसतं ते विणलेलं कापड. फोम आणि कापड कारखान्यातूनच एकमेकांना जोडून येतं आणि ते जोडकापड बोर्डवर चिकटवतात. आपण कापडाला हात लावतो तेव्हा जो मऊपणा जाणवतो, तो या मधल्या फोमचा.

जुन्या अँबॅसिडर-पद्मिनीत ही भानगड नव्हती. तिथे छताचं कापड आडव्या तारांवर ताणून बसवलेलं असायचं, गमवर लटकलेलं नसायचं. ते फाटायचं, मळायचं, पण असं पोट काढायचं नाही. एका तुकड्यात बसणारं छत आलं, गाड्या पटापट बनू लागल्या, आत शांतताही वाढली आणि त्याबरोबर हा आजार आला.

तर मधला फोम असतो पॉलियुरेथेनचा. ऑटो बायर या जर्मन रसायनतज्ज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये हे रसायन शोधलं. आज ते गादीत आहे, सोफ्यात आहे, बुटाच्या तळव्यात आहे. आणि बुटाचं उदाहरण सगळ्यांच्या घरात सापडतं. लग्नात घ्यायचे म्हणून चांगले बूट घेतले, कपाटात जपून ठेवले, पाच-सहा वर्षांनी बाहेर काढून घातले आणि कार्यालयाच्या दारातच तळव्याचा भुगा. वापरलेही नाहीत तरी गेले. कारण काही प्रकारचं पॉलियुरेथेन हवेतला ओलावा शोषतं आणि त्याच्या लांबलचक साखळ्या पाण्याने हळूहळू तुटत जातात. दुसऱ्या प्रकारचं ओलाव्याला तेवढी दाद देत नाही, पण उष्णता आणि ऑक्सिजनपुढे हरतं. जुन्या स्पीकरच्या कोनाभोवतीची फोमची कड बोट लावलं की गळून पडते, तोही याच कुळातला आजार.

आता आपली गाडी कुठे उभी असते बघा. उन्हाळ्यात उन्हात बंद उभ्या गाडीच्या आतलं तापमान साठ अंशांच्या पुढे जाऊ शकतं आणि छताचा पत्रा त्याहून गरम. विदर्भात मे महिन्यात सावलीतच पंचेचाळीस असतं, तिथे पत्र्याखालच्या फोमचं काय होत असेल सांगायला नको. कोकणात चार महिने हवेत पाणी. म्हणजे एकीकडे भट्टी, दुसरीकडे वाफ. दहा-बारा वर्षांत त्या फोमची पिवळी-केशरी पूड होते. पूड बोर्डला चिकटलेली राहते, पूडच कापडाला चिकटलेली राहते आणि मधून दोघं वेगळे होतात.

म्हणून सिरिंजने सोडलेला गम टिकत नाही. तो पुडीला चिकटतो. वाळूच्या ढिगावर स्टिकर लावण्यातला प्रकार. वरून गम कापडात झिरपून काळपट डाग पडतात ते वेगळंच.

कुशनवाल्याकडे गाडी देणार असाल, तर हा भाग इथे बंद केलात तरी चालेल, फक्त त्याला एक प्रश्न विचारा: "छत खाली काढून जुना फोम पूर्ण खरवडणार का?" तो म्हणाला, "गरज नाही साहेब, वरूनच नवीन कापड मारतो, दोन तासांत गाडी घेऊन जा," तर नमस्कार करून पुढच्या दुकानात जा.

[०५:१०] घरी करावं की नाही

स्पष्ट बोलतो. छतात पडदा-एअरबॅग असलेली गाडी असेल तर हे काम घरी करू नका.

ओळखायचं कसं? दाराशेजारच्या खांबांवर जे प्लास्टिकचं आवरण असतं, पिलर ट्रिम, त्यावर वरच्या बाजूला 'एसआरएस एअरबॅग' असं कोरलेलं किंवा छोटं लेबल असतं. गाडीच्या मॅन्युअलमध्येही चित्र असतं. पडदा-एअरबॅग छताच्या दोन्ही कडांना, बोर्डच्या वर, घडी करून बसवलेली असते. अपघातात ती पापणी लवायच्या आत फुगते आणि बोर्डची कड खाली ढकलून बाहेर येते. त्या कडेला तुम्ही जाड गमचा थर दिला, कापड दुहेरी दुमडलं, किंवा हँडलचा स्क्रू लागत नाही म्हणून भलतीकडे दुसरा मारला, तर तिची वाट अडते. शिवाय अशा गाड्यांत खांबाच्या आवरणाला खास क्लिपा असतात, एअरबॅग फुटताना ते आवरण उडून कुणाला लागू नये म्हणून. त्यातल्या बऱ्याचशा एकदा काढल्या की बदलायच्याच असतात. बाजारात मिळेल ती क्लिप ठोकून चालत नाही.

इथे एक गोंधळ मिटवतो. भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांत ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली, पुढे शेजारच्या सीटचीही झाली. पण या दोन्ही समोरच्या. एक स्टिअरिंगमध्ये, एक डॅशबोर्डमध्ये. त्यांचा छताशी संबंध नाही. छतातल्या बऱ्याच जुन्या छोट्या गाड्यांत नसतातच. म्हणजे ज्या गाड्यांचं छत आज लोंबतंय, त्यातल्या पुष्कळ गाड्या घरी करण्याजोग्या आहेत. पण "बहुतेक नसेल" यावर जाऊ नका, मॅन्युअल उघडून बघा.

काचेचं मोठं सनरूफ असेल तरीही मी दुकानातच जा म्हणेन. त्या चौकटीभोवती कापड वळवणं हे सवयीच्या हाताचं काम आहे.

आणि अजून एक तपासा. कापडावर चहाच्या कपाच्या खुणेसारखी पिवळी वर्तुळं आहेत का? असतील तर वरून पाणी येतंय. अँटेनाच्या बुडाचं रबर, छतावरच्या कॅरियरचे बोल्ट, सनरूफच्या पाणी निघायच्या नळ्या, पत्र्याच्या सांध्यातलं सीलंट, यातलं काहीतरी गेलेलं आहे. आधी ते. नाहीतर नवीन कापड पहिल्याच पावसात डागाळेल.

[०७:४०] सामान

दुकानात 'हेडलायनर' म्हणालात तर कुणी ओळखेल, कुणी नाही. 'रूफ लायनिंगचं कापड, फोमवालं' म्हणा, लगेच समजेल. पुण्यात नाना पेठेत, मुंबईत कुर्ल्याच्या बाजूला गाडीच्या सामानाची दुकानं आहेत, आणि प्रत्येक जिल्ह्याच्या गावी सीटकव्हरवाल्यांची एक गल्ली असतेच. जुन्या कापडाचा बोटभर तुकडा सोबत न्या. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली राखाडीच्या सगळ्या छटा सारख्या दिसतात, तुकडा घेऊन बाहेर उजेडात या.

किती लागेल? छताची सगळ्यात लांब आणि सगळ्यात रुंद जागा मोजा, आणि चारी बाजूंना वीतभर जास्त धरा. छोट्या गाडीला साधारण दोन मीटर पुरतं, तीन रांगांच्या गाडीला तीनच्या आसपास. पन्हा बहुधा दीड मीटरच्या जवळपास असतो, तो रुंदीला पुरतो. कापड गुंडाळी करून आणा. घडी घातली की फोमवर रेघ पडते आणि ती रेघ छतावर कायम दिसत राहते.

आता मोह टाळायचा तो हा. घरात पडद्याचं छान कापड उरलंय, किंवा सोफ्याचं, ते लावू का? नको. एक तर मागे फोम नसेल तर बोर्डचा प्रत्येक खडा वर दिसतो. पण खरं कारण आगीचं आहे. गाडीच्या आतल्या वस्तू किती वेगाने पेटाव्यात याला मर्यादा आहे. अमेरिकेत १९७२ पासून नियम आहे की आडवा धरलेला तुकडा पेटवला तर ज्योत मिनिटाला १०२ मिलिमीटरपेक्षा वेगाने सरकता कामा नये. आपल्याकडेही याच विषयाचं आयएस १५०६१ हे मानक आहे. पडद्याचं कापड या कसोटीसाठी बनवलेलंच नसतं, आणि छत म्हणजे आग लागली तर ज्वाळा जिथे पहिल्यांदा पोचतात ती जागा. गाडीचंच कापड घ्या.

गमबद्दल. सुताराचा पांढरा गम इथे कामाचा नाही, तो गरमीत मऊ पडतो. कुशनवाले रबरी सोल्युशन वापरतात, डब्यातलं पिवळं. ते ब्रशने लावतात किंवा कॉम्प्रेसरच्या बंदुकीने उडवतात. ब्रशने लावायचं तर हात सराईत हवा, कारण सोल्युशनची गुठळी तीन मिलिमीटरच्या फोममधून सरळ वर दिसते. पहिल्यांदाच करणाऱ्याला स्प्रे कॅन बरा. पण साधा 'सगळ्याला चालतो'वाला स्प्रे घेऊ नका. थ्री-एमसारख्या कंपन्यांचा हेडलायनरसाठी वेगळा स्प्रे असतो, तसा घ्या आणि डब्यावर किती तापमानापर्यंत टिकतो ते वाचा. छोट्या गाडीला दोन तरी मोठे कॅन लागतात. अर्ध्यात संपला आणि दुकान बंद, असं व्हायला नको, म्हणून एक जास्तीचा ठेवा.

बाकी किरकोळ: प्लास्टिकचे ट्रिम काढायचे चपटे पट्टे, नव्या ब्लेडची पाकिटं, कडक नायलॉनचा ब्रश (कपडे घासायचा चालतो), धुळीचा चांगला मास्क, डोळ्यांना चष्मा, पूर्ण बाह्यांचा शर्ट. आणि दुसरा माणूस. बोर्ड हलका असतो, पण दोन मीटर लांब असतो आणि मधे धरून उचलला की मोडतो.

[१०:५०] छत खाली काढणं

बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल आधी काढा आणि मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेवढा वेळ थांबा. दिव्याच्या वायरी काढायच्या आहेत, शॉर्ट व्हायला नको.

मग पुढच्या सीट पूर्ण मागे पाडा. सन व्हायझर, बाजूची हँडलं, दिवा, कपडे अडकवायचे हुक, हे सगळं काढायचं. हँडलांचे स्क्रू छोट्या झाकणांखाली लपलेले असतात. दरवाजाच्या चौकटीवरचं रबर बीडिंग वरच्या अर्ध्या भागात हाताने ओढून खाली करा, ते नुसतं खोवलेलं असतं. त्यानंतर खांबांची आवरणं. इथे स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका, प्लास्टिकवर चावल्यासारख्या खुणा उमटतात आणि क्लिपा तुटतात. चपटा पट्टा क्लिपच्या अगदी शेजारी घाला आणि सरळ आपल्याकडे ओढा.

मधल्या खांबावर सीट बेल्टचा वरचा बोल्ट असतो. शक्यतो त्याला हात न लावता आवरणाचं वरचं टोक सैल करून भागतंय का बघा, बऱ्याच गाड्यांत भागतं. काढावाच लागला तर परत लावताना टॉर्क पान्याने, कंपनीने सांगितलेल्या मापाला आवळायचा. "हाताला घट्ट लागला" हे सीट बेल्टला चालत नाही. टॉर्क पाना नसेल तर लावल्या दिवशीच गॅरेजमधून आवळून घ्या.

प्रत्येक गोष्ट काढण्याआधी फोनवर फोटो. स्क्रू वेगवेगळे ठेवायला मला इडलीपात्र सगळ्यात सोयीचं वाटतं. एका खळग्यात डाव्या व्हायझरचे, एकात उजव्या, असं. घरी विचारून घ्या म्हणजे झालं.

शेवटी बोर्ड मागच्या दोन-तीन प्लास्टिक क्लिपांवर टेकलेला राहतो. त्या काढायच्या आधी एकाने आत बसून बोर्ड डोक्यावर तोलून धरायचा. वरच्या बाजूला वायरी चिकटवलेल्या असू शकतात, त्या सोडवा, ओढू नका. हॅचबॅकमध्ये बोर्ड मागच्या दारातून सरळ बाहेर येतो. सेडानमध्ये पुढची सीट आडवी करून शेजारच्या दारातून तिरका काढावा लागतो. काही मॉडेलांत पुढची काच काढल्याशिवाय तो अखंड बाहेर येतच नाही, हे आधी माहीत करून घ्या. वाकवून काढायचा प्रयत्न केलात तर बोर्डला आडवी घडी पडते आणि ती नव्या कापडाखालीही दिसते.

[१३:२०] खरवडणं

खरं काम इथे आहे. पुढचं सगळं याच्यावर अवलंबून.

बोर्ड पार्किंगमध्ये किंवा गच्चीवर, दोन टेबलांवर किंवा चटईवर उपडा नाही, उताणा ठेवा, म्हणजे कापडाची बाजू वर. जुनं कापड हाताने ओढलं की सहज निघतं. ते टाकू नका, पुढे कापायला नमुना म्हणून उपयोगी पडतं. खाली उरते ती केशरी पूड. नायलॉनच्या ब्रशने, हलक्या हाताने, एकाच दिशेने. तारेचा ब्रश नको, तो बोर्डचे तंतू उपटतो. पाणीही नको. लगद्याचा बोर्ड पाण्याने फुगतो आणि मग साच्यातला आकार परत येत नाही.

मास्क काढायचा नाही. ही पूड घशात बसते आणि बोर्ड काचतंतूंचा असेल तर त्याची कुसं हाताला लागून दोन दिवस खाज सुटते. वारा असेल तर वाऱ्याकडे पाठ करा, आणि शेजाऱ्यांचे वाळत घातलेले कपडे कुठे आहेत तेही बघा.

छोट्या गाडीला दीड-दोन तास जातात. पाऊण तासाने वाटतं झालं. झालेलं नसतं. दिव्याच्या खळग्यात, व्हायझर बसतात तिथल्या खोलगट भागात, मागच्या कडेला पूड दडलेली असते, आणि पुढे कापड सुटायला सुरुवात होते ती बरोबर याच जागांवरून. व्हॅक्यूम क्लिनर फिरवा. मग एक चाचणी: चिकटपट्टीचा तुकडा बोर्डवर घट्ट दाबा आणि ओढून काढा. पट्टीवर केशरी पूड आली तर परत ब्रश. पट्टी स्वच्छ निघाली, आणि खळग्यांतही स्वच्छ निघाली, की बोर्ड तयार.

बोर्डला तडा असेल तर मागच्या, म्हणजे पत्र्याकडच्या बाजूने फायबरची जाळी आणि रेझिन लावून बुजवा. दिसणाऱ्या बाजूला उंचवटा ठेवू नका.

[१५:४०] चिकटवणं

दिवस कुठला निवडायचा यालाही महत्त्व आहे. जुलै-ऑगस्टमध्ये हे करू नका. गममधलं द्रावण उडून जाताना पृष्ठभाग थंड होतो, आणि दमट हवेतला ओलावा त्यावर बसतो, थंड पाण्याच्या पेल्याला बाहेरून घाम फुटतो तसा. गमवर पांढुरकी साय आल्यासारखी दिसते आणि पकड कमजोर होते. मेच्या भर दुपारीही नको, दोन पृष्ठभाग जोडायच्या आतच गम वाळतो. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतची कोरडी सकाळ सर्वात छान. जागा सावलीची, पण हवा खेळती. या द्रावणांची वाफ पेट घेते, डोकंही गरगरतं. बंद गॅरेजमध्ये, जवळ देवाचा दिवा, सिगारेट, गॅसची शेगडी असं काही असेल तिथे अजिबात नाही.

नवीन कापड बोर्डवर कोरडंच पसरा, चारी बाजूंना सारखं बाहेर येतंय ना बघा. मग अर्धं कापड मागे दुमडा. उघड्या बोर्डवर आणि दुमडलेल्या कापडाच्या फोमवर, दोन्हीकडे स्प्रे. मधून सुरुवात करून फूटभर रुंदीचा पट्टा. डब्यावर लिहिलेला वेळ थांबा. बोट लावल्यावर चिकट लागलं पाहिजे, पण बोटाला तार येता कामा नये. तार येत असताना कापड टाकलंत तर ओला गम फोममधून वर झिरपतो.

मग कापड मधून कडेकडे, तळहाताने, सोडत सोडत. ताणायचं नाही. सगळ्यांचा हात इथेच चुकतो. सुरकुती दिसली की आपण ओढतो, आणि खळग्याच्या जागी कापड पुलासारखं ताणलेलं राहतं. ते आज छान दिसतं, पण ताण सतत गमला खेचत राहतो आणि पहिल्या उन्हाळ्यात तिथे फुगा येतो. खळगा आला की आधी त्याच्या तळाशी बोटांनी कापड बसवा, मग बाजू, मग पुढे जा. खळग्यांना आणि कडांना गमचा दुसरा हात द्या. फार जोराने दाबू नका, फोम चेपला की परत फुगत नाही. अर्धं झालं की दुसरं अर्धं तसंच.

कडांना चारेक सेंटिमीटर कापड ठेवून बाकी कापा. समोरची आणि मागची कड आतून वळवून चिकटवायची. बीडिंगखाली जाणाऱ्या कडा वळवायची गरज नसते, बोर्डच्या काठाला बरोबर कापा. वळवल्या तर जाडी वाढते आणि बीडिंग बसत नाही.

दिवा आणि हँडलांची भोकं बोटाने चाचपून शोधा आणि मधे फक्त फुलीसारखी छोटी चीर द्या. पूर्ण भोक आत्ताच कापू नका. वस्तू बसवताना चीर हवी तेवढी वाढवता येते, कापलेलं परत जोडता येत नाही.

आता हात धुवा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत बोर्डला हात लावू नका. म्हणून हे काम शनिवारी काढणं-खरवडणं, रविवारी सकाळी चिकटवणं, सोमवारी बसवणं, असं तीन दिवसांत वाटा. रविवारी संध्याकाळी गाडी घेऊन कुठे जायचं ठरवू नका.

[१९:३०] बसवणं आणि नेहमीचे प्रश्न

बसवताना काढल्याचा उलटा क्रम. फरक इतकाच की सगळं आधी सैल लावायचं आणि दिव्याचं भोक, व्हायझरची भोकं जुळली की मग आवळायचं. हात स्वच्छ हवेत, पांढरट छतावर ग्रीसचं बोट उमटलं की ते तिथेच राहतं. बीडिंगची ओठासारखी कड बोर्डच्या काठावर सगळीकडे चढलीय ना, हे बोट फिरवून बघा. तुटलेल्या क्लिपांच्या जागी त्याच गाडीच्या नव्या क्लिपा. मग बॅटरी जोडा, चावी फिरवा. समोर एअरबॅग असेल तर तिचा दिवा पेटून काही सेकंदांत विझला पाहिजे. तसाच पेटून राहिला तर गाडी वर्कशॉपला दाखवा. चारी-पाची सीट बेल्ट झटक्याने ओढून बघा, अडकले पाहिजेत, आणि सोडल्यावर सुरळीत आत गेले पाहिजेत.

जुनंच कापड धुऊन परत लावता येईल का, हा प्रश्न नेहमी येतो. नाही. त्याच्या पाठीला अर्धवट फोम राहतो, तो पूर्ण काढला तर कापड पातळ पडतं आणि गम आरपार दिसतो. छतावरचा एकूण खर्च बघता नव्या कापडाची बचत करण्यात अर्थ नाही, मेहनत तेवढीच लागते.

दुसरा प्रश्न, पुढच्या महिन्यात लांबचा प्रवास आहे, तोवर काय? तर पिळाच्या पिना मिळतात, स्क्रूसारख्या फिरवून बसतात, सोफाकामात वापरतात त्या. त्या बोर्डला धरून ठेवतात. ड्रायव्हरच्या डोक्यावर आणि आरशाच्या वाटेत येणारं पोट तेवढं वर करा. साध्या टाचण्या नकोत, खड्ड्यात गाडी आदळली की त्या सुटतात आणि खाली तुमची सीट असते. पडदा-एअरबॅगच्या गाडीत कडेच्या वीतभर भागात पिळाचीही पिन घालू नका.

तिसरा प्रश्न, कापड बोर्ड सोडून सरळ पत्र्याला चिकटवलं तर? पत्रा तापतो तसा गम तापतो, छताच्या आडव्या पट्ट्यांचे उंचवटे दिसतात, आणि पावसाचा आवाज डोक्यात घुमतो. बोर्ड मोडलाच असेल तर भंगारातल्या त्याच मॉडेलच्या गाडीचा अखंड बोर्ड शोधा. मात्र तोही तितकाच जुना असणार, तेव्हा त्याचाही फोम खरवडायचा आहे हे धरूनच आणा.

आज इतकंच. पुढच्या भागात दाराच्या बीडिंगमधून येणारं पाणी. तोवर भेटू.